जास्तीचं रक्त

आंघोळ करून मी बाहेर आलो की अर्धा तास माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असं आमच्या घरात आपोआपच ठरून गेलं होतं. अंगावर पाणी पडून जरा वेळ झाला की कातडीच्या आतून टाचण्या टोचायला लागायच्या. वरून बघाल तर काही नाही. पुरळ नाही, गांधी नाही. मी पंचा गुंडाळून खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायचो, दाराच्या चौकटीवर पाठ घासायचो, मांड्यांवर चापट्या मारत राहायचो. माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा चौथी-पाचवीत होती. ती दप्तर उचलून ओट्यावर जाऊन बसायची.

मी इंदूरच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होतो. तयार कापड मोजायचं, घड्या घालायच्या, शिक्का मारायचा. शेजारीच ब्लीचिंग खातं, त्यामुळे तो वास अंगाला कायमचा चिकटलेला. खाज सुटते म्हटलं की सगळे सांगायचे, "मिल का केमिकल है, भिया. नारियल का तेल लगाओ." मी लावायचो. मग एक दिवस मिलच बंद झाली, केमिकल गेलं, वास गेला, आणि खाज राहिली. तेव्हा लोक म्हणाले, टेन्शन आहे.

टेन्शन तर होतंच. नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या पाटनीपुऱ्यात घरटी एकाला तरी काहीतरी होत होतं. कुणाची झोप उडाली, कुणाला साखर निघाली, कुणी रोज कपडे घालून बंद गेटसमोर जाऊन उभा राहायचा आणि जेवणाच्या वेळेला परत यायचा. माझं डोकं दुखतं, कानात सूं सूं होतं, पायाची बोटं निखाऱ्यावर ठेवल्यासारखी जळतात, याचं कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. मला बसवत नव्हतं, पडवत नव्हतं. फरशी थंड असायची तिथे पाऊल टेकवून उभा राहायचो, ती गरम झाली की दुसरी जागा शोधायचो.

लाल तोंड

मग माझं तोंड लाल झालं. एका दिवसात नाही, हळूहळू. मी मूळचा सावळा, म्हणून ते आधी तांबूस आणि मग जांभळट लाल दिसायला लागलं. डोळे तर कायम तांबडे.

पहिल्या पहिल्यांदा लोक चेष्टा करायचे. "क्या प्रभाकर भिया, मिल बंद हो गई और तुम टमाटर हुए जा रहे हो!" मीही हसायचो. पुढे लोकांनी चेष्टा थांबवली आणि ते फक्त बघायला लागले.

ते का बघतात हे मला कळायला फार वेळ लागला नाही. आमच्यातले बरेच जण दुपारपासूनच कलालीवर, म्हणजे देशी दारूच्या दुकानावर दिसायला लागले होते. लाल डोळे, जड डोकं, चालताना मधेच भिंतीला हात. माझंही सगळं तसंच होतं. फक्त मी पीत नव्हतो.

आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कुणी सहज उच्चारत नसे. माझे वडील महूच्या पलटणीतून निवृत्त झालेले. दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी पंचशील पाळलं, आणि पाचवं शील तर असं कडक की खोकल्याचं औषध आणलं तरी आधी बाटलीवरचं सगळं वाचायचे, मग चमचा मागायचे. वस्तीतल्या विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. लोक त्यांना सुभेदारसाहेब म्हणायचे. अशा माणसाचा मी एकुलता एक मुलगा.

सुनंदा, माझी बायको, मिल बंद झाल्यावर स्नेहलतागंजमधल्या एका रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायला लागली होती. तिच्या ओळखीने मलाही जवळच्याच एका होलसेल दुकानात माल दाखवायचं काम मिळालं. थोडेच महिने टिकलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने मला बाजूला घेऊन चहा पाजला आणि म्हणाला, "प्रभाकरजी, बुरा मत मानना. आप घर पे आराम करो. ग्राहक आपकी शक्ल देखता है, फिर मेरी तरफ देखता है."

मी म्हणालो, "सेठजी, मैं पीता नहीं हूँ."

"मैंने कहाँ कुछ कहा," तो म्हणाला, आणि खरंच त्याने काही म्हटलं नव्हतं.

मी तिथून सरळ घरी गेलो नाही. संध्याकाळपर्यंत रस्त्यांवर फिरत राहिलो. तुकोगंज, तिथून राजवाडा, तिथून लालबागपर्यंत. कुठे थांबलो की पाय जळायचे, म्हणून चालत होतो. घरी पोचलो तेव्हा दारातच सुनंदा पिशवी घ्यायला पुढे आली. ती रोजच यायची. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पिशवी घेताना ती जरा जास्तच जवळ येते आणि श्वास ओढून घेते.

"तू माझं तोंड हुंगतेस?" मी विचारलं.

ती पिशवी घेऊन मागे सरकली.

"सुनंदा, मी काय विचारून राहिलो?"

"मग काय करू मी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आरशात बघा जरा. डोळे बघा. भिंतीला धरून चालता. कुठे जाता, कुठून येता, काही बोलत नाही. कारखान्यात बायका मला विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

"सांग की माझा नवरा पीत नाही."

"सांगते ना. रोज सांगते." एवढं बोलून ती आत गेली. ती सांगते, पण तिचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. त्यानंतर आम्ही एकाच खोलीत राहूनही एकमेकांना टाळायला लागलो.

जयंतीची संध्याकाळ

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात विहारात पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम दर वर्षी माझ्याकडे असायचं. त्या वर्षी मला नको म्हणावंसं वाटत होतं, पण नको म्हटलं असतं तर लोकांनी त्याचाही अर्थ काढला असता. पांढरा सदरा घालून गेलो. बाबा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसलेले. बायकांच्या बाजूला सुनंदा आणि प्रज्ञा.

माईक हातात घेतला. पहिली दोन वाक्यं नीट बोललो. तिसऱ्या वाक्याला माझी जीभ जड झाली. शब्द डोक्यात स्वच्छ दिसत होता, पण तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडत होतं. लाउडस्पीकरवरून माझाच लडबडलेला आवाज मला ऐकू येत होता. उजव्या हातातला माईक सुटला, खाली आदळला आणि कर्रकन आवाज झाला. मी वाकायला गेलो तो तिरका होऊन टेबलावरच गेलो. पाहुण्यांचा पाण्याचा ग्लास उलटला.

मागच्या रांगेतून आमच्याच मिलचा एकजण स्पष्ट म्हणाला, "आज के दिन भी?"

मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडत होतं, शब्द येत नव्हते. मी समोर बघितलं. बाबा उठले होते. माझ्याकडे एकदा पाहून ते वळले आणि रांगेतून वाट काढत बाहेर निघून गेले. इतकी वर्षं विहाराला कुलूप लावल्याशिवाय ते कधी निघाले नव्हते.

दोघांनी मला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. थोड्या वेळाने जीभ सुटली, हातात ताकद आली, जसं काही झालंच नव्हतं. आणि ते जास्त वाईट होतं. माझ्याजवळ दाखवायला काहीच उरलं नाही.

सुनंदा माझ्या शेजारी येऊन बसली. ओरडेल असं वाटलं होतं. ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, सगळ्यांसमोर, न लाजता, खोल श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "वास नाहीये."

तिने पदराने माझ्या सदऱ्यावर सांडलेलं पाणी टिपलं.

"इतके महिने मी हुंगतेय तुम्हाला," ती म्हणाली. "रोज. एकदासुद्धा वास आला नाही. मला वाटायचं, काहीतरी खाऊन येत असाल. पण एकदासुद्धा नाही? मग हे आहे तरी काय?"

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अपमान वाटत होता, त्याच गोष्टीने तिची खात्री पटवली होती.

"आंघोळीनंतर खाज येते का?"

तुकोगंजमधल्या त्या डॉक्टर मॅडमचं नाव सुनंदाने कारखान्यातल्याच कुणाकडून तरी आणलं होतं. शिर्के मॅडम, मराठीच, सरदार घराण्यातल्या, पण बोलणं एकदम आपल्या इंदूरचं.

त्यांनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, तळहात बघितले, टेबलावर आडवं करून डाव्या बरगडीखाली बोटं रोवली.

"तिल्ली, म्हणजे प्लीहा, वाढलीय," त्या म्हणाल्या. आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, विचारलं, "पिता का?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "नाही. हे पीत नाहीत."

कुठल्याही औषधाने मला त्या शब्दांइतकं बरं वाटलेलं नाही.

मॅडमनी मान वर केली. आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मग एकदम वेगळाच प्रश्न विचारला. "आंघोळीनंतर खाज येते का? मतलब, काही दिसत नाही, पण पाणी लागलं की नुसती आग?"

मला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. ही गोष्ट मी कुठल्याच डॉक्टरला सांगितली नव्हती, कारण हा आजार असू शकतो असं मला वाटलंच नव्हतं. जगात दुसऱ्या कुणाला तरी असं होतं, म्हणूनच तर या बाईंना ते माहीत होतं. त्या क्षणापर्यंत मी फार एकटा होतो, हे मला तेव्हा समजलं.

रक्त तपासायला दिलं. लॅबमधल्या मुलीने सुईत आलेलं रक्त उजेडात धरलं आणि म्हणाली, "कितना गाढ़ा है!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं. मशीन चुकलं असं त्यांना वाटलं होतं. मशीन चुकलं नव्हतं. पुढे मोठ्या सरकारी इस्पितळात कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. ते दुखतं. दुखत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण ते लवकर संपतं हेही खरं.

सगळे रिपोर्ट आल्यावर मॅडमनी आम्हाला दुपारी, गर्दी नसताना बोलावलं.

"प्रभाकरजी, तुमच्या शरीरात रक्त गरजेपेक्षा जास्त बनून राहिलंय," त्या म्हणाल्या.

"जास्त असणं चांगलं नाही का?" मी विचारलं. आमच्याकडे सगळ्या बायाबापड्यांना रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या द्यायचे.

"इतकं जास्त नाही चांगलं. रक्त घट्ट झालंय, नळ्यांमधून नीट फिरत नाही. म्हणून डोकं दुखतं, बोटं जळतात, तोंड लाल दिसतं. त्या दिवशी विहारात झालं ते काय होतं माहीत आहे? मेंदूकडे जाणाऱ्या नळीत थोडा वेळ गुठळी अडकली होती. सुटली, हे नशीब. पुढच्या वेळेस सुटेलच असं नाही."

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. पॉलिसायथेमिया व्हेरा. सुनंदाने विचारलं, "कॅन्सर आहे का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्याच जातीचा आहे. पण फार सावकाश चालणारा. नीट सांभाळला तर माणूस पुष्कळ वर्षं जगतो."

"कशामुळे झाला?"

"ते आज कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही."

बाहेर आलो. रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. कॅन्सर हा शब्द ऐकून मला भीती वाटायला हवी होती, ती नंतर आली आणि चांगलीच आली. पण त्या दुपारी मला फक्त एवढंच वाटत होतं की हा कागद घेऊन सगळ्या पाटनीपुऱ्यातून फिरावं, दार वाजवून एकेकाला दाखवावा.

बाबा

जयंतीपासून बाबा माझ्याशी बोलले नव्हते. जेवताना ताट माझ्याकडे पाठ करून घ्यायचे. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, मी प्यायलो नव्हतो. रक्ताचा आजार निघालाय."

मला वाटलं होतं, ते सुटल्यासारखे होतील. निदान खांद्यावर हात ठेवतील.

"रक्ताचा?" त्यांनी विचारलं.

"हो. रक्त जास्त बनतं. कशामुळे ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मी प्यायलो असतो तर बरं होतं की काय, असं मला वाटावं इतका उतरला. ते उठले आणि विहाराकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात जायला निघालो तेव्हा ते बूट घालून दारात उभे होते. "मी येतो," म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक वेळी ते माझ्याबरोबर आले. उन्हाळा असो, गुडघे दुखत असोत. आत कधी आले नाहीत. बाहेरच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. माझ्यावर संशय घेतला त्याची ही भरपाई असेल, असं मी समजत होतो. वस्तीत मात्र त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. एकेकाच्या दारात उभं राहून, फौजी आवाजात, "मेरा लड़का बीमार है. पीता नहीं है." मला कागद घेऊन फिरावं लागलं नाही.

रक्त काढण्याची खोली

या आजाराचा मुख्य इलाज ऐकून लोक चकित होतात. जास्तीचं रक्त काढून टाकायचं. रक्तदानाला काढतात तसंच, तीच पिशवी, तीच खाट. सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी.

तिथला टेक्निशियन चौहान हा बोलका माणूस होता. "आओ भिया, रईस आदमी," असं तो माझं स्वागत करायचा. हातात रबराचा चेंडू द्यायचा. "दबाते रहो." माझं रक्त इतकं घट्ट की सुरुवातीला सुईतच गोठायचं, मग दुसऱ्या हातात टोचायला लागायचं. पण पिशवी भरत आली की डोकं हलकं व्हायचं. कानातली सूं सूं कमी व्हायची. उठून बसलो की खिडकीतून बाहेरची झाडं स्वच्छ दिसायची. ते काही तास मी घरी शांत बसू शकायचो. मग हळूहळू पुन्हा अस्वस्थपणा भरून यायचा.

एकदा मी खाटेवर असताना एक माणूस आत घुसला. धारकडच्या कुठल्यातरी गावाचा, धोतर, डोक्यावर मळका साफा. त्याची बायको बाळंतपणात अत्यवस्थ होती आणि तिच्या गटाचं रक्त मिळत नव्हतं. तो चौहानसमोर हात जोडून उभा होता. चौहान त्याला समजावत होता, नातेवाइकांना आण, दाता आण.

तेवढ्यात माझी पिशवी भरली. चौहानने ती काढली, गाठ मारली आणि सवयीप्रमाणे कचऱ्याच्या लाल बादलीत टाकली.

त्या माणसाने ते पाहिलं. काही क्षण त्याला कळेचना. मग तो म्हणाला, "वो... वो फेंक दिया?"

"इनका नहीं चलता, दादा," चौहान म्हणाला.

"खून तो है!"

मी विचारलं, "तुम्हारी औरत का ग्रुप क्या है?" त्याने सांगितला. माझाच होता.

मी चौहानला म्हणालो, "दे दो ना, यार. मेरे किस काम का? किसी को लगे तो अच्छा है."

"नहीं दे सकता, भिया. बीमारी का खून है. नियम है." त्याचा आवाजही पडलेला होता.

तो माणूस बादलीकडे बघत उभा राहिला. ते बघणं मी आजपर्यंत विसरलेलो नाही. मी झटक्यात खाटेवरून उठलो, घेरी आली, खाली बसलो. बाहेर बाबा होते. मी ओरडूनच सांगितलं, "बाबा, तुमचा गट माझाच आहे ना?"

त्यांचं वय बसत नव्हतं. चौहानने साफ नाही सांगितलं. तेव्हा बाबा त्या माणसाचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेले. रिक्षाने पाटनीपुऱ्यात गेले, चौकात रिकाम्या बसलेल्या मिलवाल्यांना उठवलं. तासाभरात चार जण घेऊन आले. त्यातल्या दोघांचं जुळलं. त्यातला एक तोच होता, जयंतीला मागून बोललेला. तो खाटेवर झोपला, माझ्याकडे बघून म्हणाला, "गेंद इधर दो, भिया." मी चेंडू त्याच्या हातात दिला.

ती बाई वाचली. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी चौहानकडे गुळाची ढेप ठेवून गेला, आमच्या सगळ्यांसाठी.

ज्यांना नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी

मॅडम मला अधूनमधून नव्या पेशंटशी बोलायला लावतात. मी त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

खाज पूर्ण जात नाही. माझी अजून गेलेली नाही. मी कोमट पाण्याने, ओल्या फडक्याने अंग पुसतो, चोळत नाही, टिपतो. त्याने बरं पडतं. लोक तुम्हाला तब्येत छान झाली म्हणतील. त्यांना समजावण्यात शक्ती घालवू नका. रक्त पातळ ठेवणारी रोजची छोटी गोळी आणि पेशी कमी करणारी दुसरी गोळी बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. मी एकदा केली आणि पायात गुठळी होऊन आठवडाभर इस्पितळात पडलो. पाणी भरपूर प्या. आणि घरच्यांना खरं सांगा, अगदी लाज वाटते ते सुद्धा.

भीती जाते का? माझी गेली नाही. कधी बोलताना एखादा शब्द आठवला नाही तरी माझा हात घामेजतो. सुनंदाला ते लगेच कळतं. ती म्हणते, "म्हणून दाखवा बरं तुमचं पूर्ण नाव." मी म्हणतो. मग आम्ही पुढे बोलायला लागतो. पुढे मला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगचं काम लागलं, प्रज्ञाचं लग्न झालं, मिलच्या जागेत झाडं उगवली. माझं रक्त बनतच राहिलं आणि चौहान ते काढत राहिला. मधल्या काळात चौहानचेही केस पिकले.

मला मात्र एका प्रश्नाने कधी सोडलं नाही. कशामुळे? केमिकलमुळे? मिल बंद झाल्याच्या काळजीमुळे? मी काय खाल्लं, काय केलं? मॅडमना मी दर वेळी विचारायचो, आणि त्या दर वेळी तेच उत्तर द्यायच्या.

उत्तर

एका भेटीत मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बसा. आज तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे."

परदेशात संशोधकांनी ते शोधून काढलं होतं. मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. रक्त बनवणाऱ्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक प्रथिन असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. रक्त हवं असलं की मूत्रपिंडाकडून निरोप येतो आणि बाहेरच्या टोकाला लागतो. आतल्या टोकाला दुसरं एक प्रथिन चिकटून बसलेलं असतं. वरचं हललं की हे जागं होतं आणि पेशीच्या आत पुढे निरोप देतं, की आता एकाच्या दोन हो. निरोप थांबला की ते पुन्हा झोपतं. त्याचाच एक भाग त्याला दाबून झोपवून ठेवतो.

"तुमच्यात तो दाबून ठेवणारा भाग ढिला पडलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून ते झोपतच नाही. बाहेरून निरोप नसला तरी हे आतून सांगत राहतं, दोन हो, दोन हो."

इतकी वर्षं मला बसू न देणारं ते, माझ्या हाडांच्या आत, स्वतःही कधी स्वस्थ बसलं नव्हतं.

मग खात्रीसाठी मुंबईला रक्त पाठवून तपासणी केली. तोच बदल निघाला. रिपोर्ट घ्यायला गेलो त्या दिवशी बाबा नेहमीसारखे बाहेर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेले, कमी ऐकू येणारे. मी त्यांना सांगितलं, "बाबा, कारण सापडलं." ते काठी टेकत उठले आणि पहिल्यांदाच माझ्या मागोमाग आत आले.

"डॉक्टरसाहेब," ते मॅडमसमोर उभे राहून म्हणाले, "एक विचारू?"

"बसा ना, बाबा."

ते बसले नाहीत. "मी पलटणीत होतो तेव्हा प्यायचो. दीक्षेच्या आधी. रम मिळायची. मी माझी प्यायचो, दुसऱ्यांचीही विकत घ्यायचो. फार प्यायचो. हा तेव्हाच जन्मला." त्यांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "ते माझ्या रक्तातून ह्याच्यात उतरलं का?"

हे मला माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "नाही, बाबा."

"काय?"

मॅडम उठून त्यांच्याजवळ आल्या आणि कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "नाही! तुमच्याकडून आलेलं नाही! हा जन्मला तेव्हा हे नव्हतंच. मोठा झाल्यावर, कधीतरी, एका पेशीत आपोआप झालं. दारूचा काही संबंध नाही!" दार उघडं होतं. बाहेर बसलेले सगळे पेशंट आत बघायला लागले.

"पक्का?"

"एकदम पक्का!"

बाबांनी मान हलवली. मॅडमना नमस्कार केला आणि बाहेर निघाले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी काठी गुडघ्यांत धरली. मग समोर बघतच म्हणाले, "त्या दिवशी विहारातून मी उठून गेलो, ते तुझ्या रागानं नाही. मला वाटलं, माझंच पाप सगळ्यांसमोर तुझ्या तोंडातून बोलून राहिलंय."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांची मान माझ्या खांद्यावर आली होती. मी दचकून बघितलं. ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, काठी गुडघ्यांत. आयुष्यभर ताठ बसणाऱ्या या माणसाला बसल्या जागी झोपलेला मी कधी पाहिला नव्हता.

रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "काकाजी ठीक हैं?"

"हाँ," मी हळूच म्हणालो. "सो गए हैं. भिया, जरा घुमा के ले लो. धीरे."